दातसोबती

चौथीच्या वर्गात मी एकटाच होतो. एकटा म्हणजे मनाने वगैरे नव्हे, हजेरीपटावर. जिल्हा परिषदेची शाळा, चार खोल्या, पहिलीत दोन मुली आणि चौथीत मी, प्रज्योत कदम. गावातली बाकीची पोरं सकाळी साडेसहाच्या पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात आणि दिवेलागणीला परत येत. मला मात्र आईने झेडपीतच ठेवलं होतं, कारण आई गावची सरपंच होती.

"सरपंचाचंच पोरगं शाळंत नसंल तर शाळा चालू ठेवा म्हणायला मी तोंड कुठनं आणू?" असं ती म्हणायची. तिचं तोंड राहिलं, पण माझ्याशी बोलायला कुणी राहिलं नाही. बसमधली पोरं मला 'झेडपी' म्हणायची, तेही लांबून.

आमचं गाव नवं खिरवंडे. जुनं खिरवंडे माझ्या पणज्याच्या वेळी धरणात गेलं आणि गावकऱ्यांना वर पठारावर आणून वसवलं. कबूल केलेल्या जमिनीतली निम्मीच मिळाली, बाकीच्या निम्म्यासाठी तीन पिढ्यांनी हेलपाटे घातले. इथल्या सगळ्या घरांना स्लॅब आहे. कौलं फक्त भैरोबाच्या देवळाला आहेत, आणि ती जुन्या गावातून बैलगाड्यांत भरून आणलेली आहेत. आमच्याकडे पोराचा दुधाचा दात पडला की तो याच कौलांवर टाकायचा. पण एकट्याने नाही. टाकणाऱ्याने देवळाकडे पाठ करून खांद्यावरून मागे भिरकवायचा, आणि दात वर राहिला की घरंगळला हे बघायला बरोबरीचं एक पोर समोर उभं पाहिजे. त्याला दातसोबती म्हणतात. हे नातं मरेपर्यंत चालतं. लग्नात सख्खा भाऊ रुसून बसला तर चालतं, दातसोबत्याला मात्र पहिली पंगत लागते.

माझे सहा दात बामच्या रिकाम्या डबीत पडून होते. "चल, मी उभी राहते," आई एकदा म्हणाली होती. पण आईबाप चालत नाहीत, आणि हे तिला माहीत होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर गायरानावर सहा कुटुंबं आली. सुंदरबनातली त्यांची बेटं समुद्राने गिळली होती. सरकारने त्यांना आमच्या गायरानातले बारा एकर दिले आणि आठवड्यात पत्र्याची घरं उभी केली. गाव खवळलं. ज्यांना स्वतःची जमीन सत्तर वर्षांत मिळाली नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला आठ दिवसांत मिळाली, तर दुसरं काय होणार? त्या लोकांना गाव 'पाणबुडे' म्हणू लागलं. बसमधल्या पोरांना तिकडे फिरकायची बंदी झाली. मलाही झाली असती, पण आईची पंचाईत अशी की पाणबुड्यांची नऊच्या नऊ पोरं तिच्याच लाडक्या शाळेत दाखल झाली. त्यातली आठ पहिली-दुसरीत बसली आणि एक माझ्या शेजारी.

त्याचं नाव पुलक गायेन. वय दहा, अंगाने काडी, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. वाटेतल्या छावण्यांत तो हिंदी शिकला होता, त्यावर दोन महिन्यांत आमचं मराठी चढवलं. एका गोष्टीची मात्र त्याला सवय होत नव्हती. जन्मात त्याने डोंगर पाहिला नव्हता. शाळेमागचा उतार चढताना तो गवत धरून धरून यायचा.

"ही जमीन वर कशापायी जाती?" त्याने मला एकदा वर्गात विचारलं.

"तशीच आहे ती."

"आणि परत खाली येती. मग गेली कशाला?"

मला हसू आलं, आणि वर्गात मी पहिल्यांदाच हसल्याचं माझ्याच लक्षात आलं. फाल्गुनात त्याची शेवटची दुधाची दाढ पडली. "आमच्यात उंदराच्या बिळात टाकतात," तो म्हणाला. मी त्याला ओढतच देवळाकडे नेलं. आधी त्याने माझे सहा दात राहिलेले पाहिले, एकेकाला मोठ्याने मोजत, आणि मग मी त्याची दाढ राहिलेली पाहिली. घरी येऊन मी आईला काही सांगितलं नाही. इतका आनंद झाला होता की तो कुणाला दाखवायचीही भीती वाटली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी दातपाहणीची गाडी आली.

आज मी कऱ्हाडच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवतो, म्हणून तेव्हा अर्धंमुर्धं कळलेलं आता नीट सांगता येतं. त्या काळी खोटे कागद करणं इतकं सोपं झालं होतं की सरकारने कागदांवरचा विश्वासच काढून घेतला होता. आधार, दाखला, फोटो, आवाज, सगळं घरबसल्या बनवून मिळायचं. बुडालेल्या बेटांच्या नावावर दलालांनी भलतीच माणसं घुसवली होती. मग खरा बेटकर ओळखायचा कसा? तर दातांवरून.

खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचे हलके-जड प्रकार असतात आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खडकागणिक बदलतं. आपल्या काळ्या पत्थरात ते एक असतं, हिमालयातून वाहत आलेल्या गाळात दुसरं. खडकातून ते मातीत येतं, मातीतून पाण्यात आणि धान्यात, आणि तिथून आपल्या अंगात. हाडं आयुष्यभर झिजतात आणि पुन्हा भरतात, त्यामुळे दहा वर्षं साताऱ्याचं पाणी प्यायलेल्याचं हाड सातारकर होऊन जातं. दाताचं वरचं पांढरं कवच मात्र लहानपणी एकदाच तयार होतं, नंतर त्यात भर पडत नाही. कायमची पहिली दाढ जन्मापासून तीन वर्षांत घडते. तिच्यावर लेसरचा केसाहून बारीक टोचा मारला की ते मूल त्या तीन वर्षांत कुठलं खात-पीत होतं ते यंत्र सांगतं. गावाने या यंत्राचं नाव दातकोरणी ठेवलं.

दातपाहणी व्हावी म्हणून सर्वांत जास्त पाठपुरावा आईनेच केला होता. ग्रामसभेत तिने ठराव मांडला होता: जे खरे असतील ते राहतील, खोटे जातील. यातले निम्मे तरी खोटे निघतील असं गावाला वाटत होतं.

गाडीबरोबर डॉ. नगमा तांबोळी आल्या. कऱ्हाडच्याच, कडक, पण पोरांना नावाने हाक मारणाऱ्या. पाच कुटुंबांतल्या मोठ्या माणसांच्या दाढा जुळल्या आणि त्यांची पोरं आपोआप त्यांच्यात मोजली गेली. सहावं कुटुंब पुलकचं. त्याचे आईवडील वादळात गेले होते, आणि उरली होती फक्त ठाकुमा, म्हणजे त्याच्या वडिलांची आई. मॅडमनी तिला तोंड उघडायला सांगितलं. तिने आनंदाने उघडलं. आत एकही दात नव्हता.

"कवळी चालंल का विचारतीय," पुलक म्हणाला. गाडीभोवतीची माणसं हसली. मॅडमही हसल्या, पण कवळी चालणार नव्हती. सगळा भार पुलकच्या दाढेवर आला.

यंत्र दोनदा चालवलं, आणि दोन्ही वेळा पडद्यावर तेच उमटलं: जुळत नाही.

मॅडमनी कारण शोधलं, आणि त्यांचं मला आजही कौतुक वाटतं, कारण कारण शोधणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्याचं बेट इतरांच्या बेटांआधीच बुडालं, तेव्हा पुलक पाच महिन्यांचा होता. पुढची सगळी वर्षं छावण्यांत गेली. तांदूळ एका राज्यातला, गहू दुसऱ्यातला, पाणी टँकरचं. त्याची दाढ या मिसळीतून घडली. पहिल्या पाच महिन्यांचा जो काय भाग टोकाला होता तो चावून चावून झिजला होता. यंत्र खोटं बोलत नव्हतं. हे पोर कुठलंच नाही, असं ते म्हणत होतं.

"आठ दिवसांत यांना छावणीत परत पाठवावं लागेल. दुसऱ्या राज्यात," मॅडम आईला म्हणाल्या. "नियम आहे. मी लिहीन माझं मत, पण मतावर काही होत नाही."

"दुसरा कुठला दात चालत न्हाय का?" मी मध्येच विचारलं. आईने डोळे वटारले.

"दुधाची दाढ चालली असती," मॅडम म्हणाल्या. "ती आईच्या पोटातच घडायला लागते. जन्माच्या दिवशी तिच्यात एक बारीक रेघ उमटते. रेघेच्या आतलं सगळं जन्माआधीचं, म्हणजे आईने बेटावर खाल्लेलं-प्यायलेलं. पण आता याच्या तोंडात दुधाची एकही दाढ नाही."

पुलकने माझ्याकडे पाहिलं. आम्ही ती पुराव्याची दाढ भैरोबाच्या डोक्यावर टाकून बसलो होतो.

आता अडचण अशी. कौलं दर दोन वर्षांनी चाळतात. तेव्हा वर सापडलेले दात बापू गुरव देवळामागे पुरतो आणि कौलं पुन्हा बसवतो. पण हे काम चैत्रातल्या जत्रेनंतर करायचं. जत्रेआधी कौलांना कुणी हात लावायचा नाही. जत्रेला तीन आठवडे होते, आणि आमच्याकडे आठ दिवस.

घरी आल्या आल्या मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, आणि थापायची थांबली नाही.

"जत्रंआधी कौलं उतरवली तर गाव माझ्या दारात ईल."

"येऊ दे."

"येऊ दे? तुला बोलाय काय जातंय? आपली जमीन कुणी दिली का आठ दिवसांत? तुझ्या पणज्यानं दाखल्यापायी चपला झिजवल्या, आज्यानं झिजवल्या, मी झिजवतीय. आणि ह्यांच्यासाठी मी देवाचं छप्पर उघडू?"

"त्यांच्यासाठी नको. पुलकसाठी."

"तेच की ते."

"तेच न्हाय," मी म्हणालो, आणि मग मला आवरलं नाही. "तू मला झेडपीत घातलंस, मी कधी काय बोललो? चार वर्षं भिंतीशी बोललो. डबीत दात ठिवून दिले. तुझी शाळा टिकावी म्हणून. आता मला एक माणूस मिळालं, तर ते तू घालवतीयास."

तिचा हात वर गेला. पिठाचा हात. तो तसाच राहिला, खाली आला आणि परत परातीत गेला.

"जा, पाणी भर," ती म्हणाली.

मी पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी बस गेली तसा शाळेची शिडी ओढत देवळाकडे निघालो. वाटेत पुलक भेटला. शिडी लावल्यावर त्याने वर पाहिलं आणि शिडीला घट्ट धरलं.

"मी खालून धरतो," तो म्हणाला.

मी चढलो. कौल काढायचं, खालचा कचरा चाळणीत घ्यायचा, कौल पुलकच्या हातात द्यायचं. पण शिडीच्या मधल्या पायरीपर्यंत तरी त्याला चढावं लागत होतं. तो डोळे मिटून चढायचा, कौल घ्यायचा, डोळे मिटूनच उतरायचा. सहाव्या कौलापासून त्याने डोळे उघडे ठेवले. काय जीव मुठीत धरला होता त्याने! पण एकदाही राहू दे म्हणाला नाही.

बापू गुरवाने पहिली आरोळी ठोकली. मग माणसं जमू लागली.

"अरं पोरा, खाली उतर! देव कोपंल!"

"सरपंचाचं पोरगं हाय म्हणून काय देवळावर चढायचं का?"

"त्या पाणबुड्यानं शिकवलं आसंल."

मी खाली न बघता काम चालू ठेवलं. मग गलका एकदम कमी झाला. आई आली हे मला न बघताच कळलं.

"पज्या, किती कौलं काढलीस?"

"अकरा."

"फुटलं एखांदं?"

"न्हाय."

आईने माणसांकडे तोंड केलं. "ग्रामसभेत आपण ठराव केला. खरे असतील ते राहतील. तुम्ही समद्यांनी हात वर केलते, बापूकाका, तुम्ही दोन्ही केलते. त्या ठरावात 'जत्रंनंतर' असं लिहिलेलं मला तरी आठवत न्हाय. हे पोर खरं का खोटं ते त्या कौलांत हाय. खोटं निघालं तर मीच त्याला गाडीत बसवीन. पण बघायचंच न्हाय असं चालणार न्हाय. मी दिलेला शब्द हाय तो."

"आणि देवाला काय सांगायचं?" गुरव म्हणाला.

"देवाला मी सांगीन. जत्रंत नारळ पहिला माझा फोडा, आणि शिव्या पण मलाच घाला."

ओढणी कमरेला खोचून ती शिडी चढली. माझ्या शेजारी बसून कौल उचलताना हळूच म्हणाली, "वाकून बस, घसरशील." तिच्याशी भांडलो नसतो तर तेव्हा रडलो असतो.

दुपारपर्यंत अठ्ठावन्न दात निघाले. काही पिवळे, काही काळे पडलेले, काही उंदरांनी कुरतडलेले. मॅडमना फोन करून तालुक्याहून परत बोलावलं. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी एकेक दात यंत्रात घातला. गाव भोवती उभं. पडद्यावर आकडा आला की मॅडम वाचायच्या.

"काळा पत्थर. काळा पत्थर. काळा पत्थर."

चौतिसाव्या दाताला त्या थांबल्या. "हा बंगळुरूकडचा."

"आमच्या ओंकारचा आसंल," एक बाई कावरीबावरी होऊन म्हणाली. "आम्ही व्हतो तिकडं, तो झाला तवा."

"म्हंजी तुमचा ओंकार पण बाहेरचाच!" कुणीतरी म्हणालं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा माणसं मोकळी हसली.

सत्तेचाळिसावी एक दाढ होती. मॅडमनी ती तीनदा टोचली, रेघ शोधली, रेघेच्या आत टोचली. मग चष्मा काढला.

"गाळ आणि समुद्र. ही त्या बेटांवरची आहे."

पुलक ओरडला. ठाकुमाला कुणी काही सांगायच्या आधीच ती रडायला लागली. मॅडमनी हात वर केला.

"थांबा. उरलेले बघू द्या." त्यांनी उरलेले अकरा दात पाहिले. सगळे काळ्या पत्थराचे. "बेटावरची दाढ ही एकच. पण ही पुलकचीच कशावरून? तुमच्याकडे बेटावरची नऊ मुलं आहेत. सगळ्यांचे दात पडतायत. हिची मुळं विरघळून गेलीत, वर ही दोन आठवडे उन्हात पडलेली, आत डीएनए काढून वंशाची ओळख पटवायला काही उरलेलं नाही. पुनर्वसनाची कमिटी मला हेच विचारणार. काय लिहू?"

मी पुढे झालो. "मी बघितलीय टाकताना. मी दातसोबती हाय त्याचा."

"तू त्याचा मित्र आहेस, बाळा. मित्राची साक्ष कमिटी धरत नाही."

हातातोंडाशी आलेलं जाणार, असं वाटून मी आईकडे पाहिलं. ती मघापासून पायरीवर बसून पायातली माती झाडत होती. ती उठली.

"मॅडम, माझी साक्ष लिहा. सरपंच म्हणून." तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "आमच्या गावात ह्या कौलांवर दात टाकायला सोबती लागतो. बाहेरच्याला तर रीत सांगायला गावातलंच पोर लागतं. बेटावरची बाकीची आठ पोरं हायत, त्यांचे दात घराजवळच्या बिळात गेले. त्यांना विचारा. त्यांचा एकबी दात हितं असूच शकत न्हाय, कारण त्यांना ह्या गावात सोबती मिळाला न्हाय."

मॅडम लिहीत होत्या. आई थांबली. मग म्हणाली, "तसं नगं. असं लिहा, आम्ही मिळू दिला न्हाय. पोरांना बंदी घातली. ह्या एकाला मिळाला, कारण माझं पोरगं माझ्यामुळं एकटं पडलं व्हतं."

"हे असंच लिहू?"

"असंच लिहा. खाली सही मी करती. बापूकाका, तुम्ही पण करा. वर चढलेल्यांना शिव्या घालायला पुढं व्हता, आता हितं पुढं या."

बापू गुरवाने धोतराला हात पुसले आणि सही केली. त्याच्यामागून आणखी सोळा जणांनी केल्या. कमिटीने कागद मानायचं कधीच सोडलं होतं, पण दाढेबरोबर आलेला तो कागद त्यांनी मानला. एक गाव स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतंय ती खोटी कशाला असेल, असा शेरा त्यावर होता. पुलक आणि ठाकुमा राहिले. मंजुरी यायला अठरा दिवस लागले आणि तोवर त्यांना कुणी हलवलं नाही, कारण छावणीत न्यायला गाडी आली तेव्हा आई रस्त्यात उभी राहिली.

पण हे पुढचं. त्या दिवशी कौलं परत बसवून होईपर्यंत दिवेलागण झाली. पिवळी बस आली. पोरं उतरून नेहमीप्रमाणे घरांकडे पांगू लागली, तर आईने त्यांना वाटेतच अडवलं. अंगभर धूळ, केसांत काड्या. पोरं बिचकली.

"कुणाकुणाचा दात हलतोय?" तिने विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी हात वर केले. चौथ्याने जिभेने चाचपून पाहिलं आणि त्यानेही केला.

"चला माझ्यासंगं," आई म्हणाली, आणि त्या चौघांना घेऊन गायरानाच्या वाटेला लागली.